घोटाची परीक्षा

आजाऱ्याला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानतात. परंतु पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला मायेने पाजलेला तोच घोट त्याच्या फुफ्फुसात उतरू शकतो, हे आम्हां कामगारांत फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही वैद्य नव्हे. युनियनच्या कामाने इस्पितळांतील खाटांशेजारी पुष्कळ बसलो, विचारले, वाचले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

लोणावळ्याच्या मंडळींना रेल्वेचा दाखला लगेच पटेल. घशात दोन मार्ग एकत्र येतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावर झाकण पडते आणि घास मागच्या मार्गाला लागतो. हे सारे सुमारे सेकंदभरात उरकते. मेंदू हा येथला सांधेवाला. तोच जखमी झाला की सांधा वेळेवर बदलत नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रोग्यांना गिळण्याचा त्रास असतो, आणि पुढे अनेकांना न्यूमोनिया गाठतो.

आजाऱ्याला पातळ द्यावे, ही घरच्या म्हातारीची शिकवण येथे उलटी पडते. पाणी सर्वांत चपळ. सांधा बदलण्यापूर्वीच ते निसटते. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो. २००७ साली ऑस्ट्रियात तयार झालेल्या एका परीक्षेत म्हणूनच आरंभ घट्ट पदार्थाने करतात, पाणी मागाहून.

परीक्षेला यंत्र लागत नाही. शिकलेली परिचारिका प्रथम पाहते, रोगी जागा आहे काय, ताठ बसतो काय, सांगितल्यावर खोकतो काय, लाळ गळते काय. एवढ्यात उणे आढळले तर तेथेच थांबायचे. नाहीतर चमच्याने थोडे पाणी देऊन गळ्यावर बोट ठेवायचे; कंठमणी वर उचलला गेला पाहिजे. मग पेला. १९९२ च्या एका परीक्षेत सुमारे ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला देतात. मिनिटभरात खोकला आला, ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता झाला, तर तोंडाने काही नाही. गोळीसुद्धा नाही. पुढे डॉक्टर ठरवतील, नाकातून नळी घालायची की काय ते.

मात्र काहींच्या फुफ्फुसात पाणी जाते आणि खोकलाही येत नाही. म्हणून परीक्षा उतरलेल्याचाही ताप व श्वास पुढे पाहावा लागतो; संशय राहिला तर क्ष-किरणाखाली गिळणे तपासतात.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९ पक्षाघात विभागांत हा प्रयोग झाला. काही विभागांत परिचारिकांना ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तिन्हींवर नेमाने लक्ष ठेवण्यास शिकवले. २०११ साली निकाल आला. तीन महिन्यांनंतर मृत्यू पावलेले वा परावलंबी राहिलेले रोगी तेथे शेकडा ४२ होते, इतरत्र ५८. तिन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे त्यातून निराळे काढता येत नाही. परंतु काम परिचारिकांनी केले, हे आम्हांला मोलाचे वाटते.

आपल्याकडे अडचण मनुष्यबळाची. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे सबंध वॉर्ड, आणि खाटेशी नातेवाईक. तेव्हा परिचारिकांची संख्या वाढवा ही मागणी केवळ पगारपत्रकाची नाही. तोवर आंदर मावळातून वा नाणे मावळातून झटका आलेल्याला गाडीत घालून आणणाऱ्यांनी वाटेत पाणी, चहा, गोळी, काही देऊ नये. ओठ कोरडे पडले तर ओल्या फडक्याने नुसते टिपावेत. इस्पितळात पहिला प्रश्न विचारावा: गिळण्याची परीक्षा झाली काय? आणि खाटेवर "तोंडाने काही देऊ नये" अशी पाटी लागली, तर पाळी बदलताना रात्री येणाऱ्या नातेवाइकाला ती वाचून दाखवावी.