सातपायरीचा चढ आणि इंजिनातलं पाणी

मे महिन्यात शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मागे टाकून गाडी तोरणमाळच्या सातपायरी घाटाला लागते, तेव्हा इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. खाली तापीकाठी पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, वर सुमारे 1150 मीटर उंचीचं पठार आणि गाडी माणसांनी भरलेली. वरच्या गिअरमध्येच रेटलं तर बॉनेटखालून टकटक ऐकू येते. हे नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप भडकतं, त्याचा तो आवाज. असंच चालू राहिलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं.

आत येणारी हवा किती तापलेली आहे, यावर इथे बरंच अवलंबून असतं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, 10 असेल तर दाबली जाताना हवेचं केल्विनमधलं तापमान जवळपास दुप्पट होतं. म्हणजे आत येतानाच हवा 20 अंशांनी थंड केली, तर ठिणगीच्या क्षणी सुमारे 40 अंशांचा फरक पडतो. ती थंड करायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, पेट्रोलची होताना जेमतेम साडेतीनशे. खानदेशात उन्हाळाभर खिडकीतला कूलर करतो तेच हे काम.

इंजिनात पाणी फवारण्याची ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या थंडरबोल्ट विमानांच्या इंजिनांत जादा ताकदीसाठी पाणी फवारलं जाई. 2016च्या सुमारास बीएमडब्ल्यूने एम4 जीटीएस या मोटारीत ती वापरली. पाच लिटरची टाकी, टर्बोचा दाब वाढवायची मुभा आणि 500 अश्वशक्ती.

आपल्याकडच्या 1.2 लिटर टर्बो इंजिनासाठी हिशेब मांडू. 80 किलोवॉट ताकद देताना ते मिनिटाला साधारण 400 ग्रॅम पेट्रोल पितं. त्याचा चौथा हिस्सा पाणी धरलं, तर मिनिटाला 100 मिलिलिटर. हे पाणी धुक्यासारखं बारीक हवं, म्हणून आठ-दहा बारचा पंप आणि अगदी लहान छिद्राचा नोझल लागतो. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतर नोझल बसवायचा आणि फवारा फक्त जास्त भार असतानाच सुरू करायचा. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्याचा उपयोग नाही.

खरं कौशल्य मात्र बिघाडाचा विचार करण्यात आहे. टाकी नोझलपेक्षा उंचावर बसवली आणि व्हॉल्व्ह गळका निघाला, तर बंद इंजिनात पाणी झिरपत राहतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून टाकी खाली, आणि नोझलजवळ झडप. दुसरा धोका घाटातच पाणी संपण्याचा. पाण्याच्या भरवशावर ठिणगी लवकर पाडायची, टर्बोचा दाब वाढवायचा आणि मध्येच फवारा थांबला, तर इंजिन काही क्षणांत नॉकिंगच्या तावडीत सापडतं. प्रवाह मोजणारा सेन्सर आणि त्याच क्षणी दाब उतरवणारं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नसेल, तर ही यंत्रणा बसवूच नये. पाणीही डिस्टिल्डच हवं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार एवढ्याशा छिद्रात साचायला वेळ लागत नाही.

पाणी हे इंधन नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. ‘पाण्यावर गाडी’ म्हणून विकली जाणारी किट या विज्ञानाच्या जवळपासही जात नाहीत. पाणी फक्त पेट्रोलला जास्त दाब सहन करण्याची संधी देतं. ठिणगीची वेळ आणि टर्बोचा दाब तसेच ठेवून नुसतं पाणी फवारलं, तर ज्वलन मंदावून ताकद उलट थोडी घटते. तेव्हा कंपनीतून आली तशीच गाडी असेल, तर सातपायरीला टकटक ऐकू येताच खालचा गिअर टाका. तेवढं पुरतं.