रायफल रोज पुसली तरी ऐनवेळी अडकते, असं का? एसएलआरच्या साफसफाईचं साधं गणित

चामटोली हे नाव बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते 27 जुलै 2019 ला. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये इथेच अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं.

पूर रोज येत नाही, पण या पट्ट्यातला ओलावा चार महिने हलत नाही. चपलांना बुरशी येते, सायकलच्या चेनवर दोन दिवसांत तांबूस थर बसतो. आता याच हवेत बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसाचा विचार करा. त्याच्या खांद्यावर लोखंडाची रायफल आहे. ती महिनोन् महिने झाडली जात नाही, पण ज्या दिवशी झाडायची वेळ येईल त्या दिवशी ती चाललीच पाहिजे.

मग अशी रायफल किती वेळा साफ करायची आणि किती खोलवर?

सेमी-ऑटोमॅटिकचा प्रश्न वेगळा का आहे?

जुन्या .303 रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. आत थोडी घाण असली तरी माणूस जोर लावून काम भागवू शकतो.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली ही 7.62 मिमीची रायफल आधी लष्कराकडे होती, नंतर पोलिसांच्या हातात दिसू लागली. इथे बोल्ट ओढायचं काम वायू करतो. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून बाजूला वळतो आणि पिस्टनला धक्का देतो. त्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवी गोळी आत येते. पुढची गोळी झाडायला ट्रिगर मात्र पुन्हा दाबावा लागतो, म्हणून ती सेमी-ऑटोमॅटिक.

इथे जोर ठरलेला असतो. काजळीने पिस्टन जड झाला किंवा चेंबरमध्ये पुंगळी चिकटली, तर हा चक्राकार खेळ मध्येच थांबतो. एसएलआरला वायू कमी-जास्त करण्यासाठी रेग्युलेटर असतो. रायफल सुस्त झाली की तो फिरवून जास्त वायू घेता येतो. पण हा झाला तात्पुरता इलाज. साफसफाईची जागा तो घेऊ शकत नाही.

गोळी झाडल्यावर आत उरतं काय?

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. ज्या पितळी कपांपासून पुंगळी घडते, ते चामटोलीपासून जवळच असलेल्या अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात. पुण्याजवळची खडकी आणि जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव इथल्या कारखान्यांत काडतुसं तयार होतात.

गोळी सुटली की आत तीन गोष्टी राहू शकतात. पहिली, दारूची काजळी. दुसरी, गोळीच्या आवरणाचा नळीला घासून लागलेला तांब्याचा अंश. आणि तिसरी, सगळ्यात लबाड गोष्ट म्हणजे क्षार.

जुन्या प्रकारच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे आपल्या मिठाचं भावंडच. पावसाळ्यात मीठदाणीतलं मीठ कसं ओलं होतं? तसंच हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि नळीला आतून गंज लागतो. गंमत म्हणजे तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने सैनिक झाडलेल्या .303 च्या नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग ती कोरडी करून तेल लावायचे. आताच्या बहुतेक प्रायमरमध्ये हा क्षार नसतो. पण ओलावा आणि काजळी आहेच.

मग किती वेळा?

याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही. रायफलचं काय झालं, यावर ते ठरतं.

• झाडली असेल तर त्याच दिवशी. उद्यावर ढकलायचं नाही, कारण काजळी गार होऊन घट्ट बसते. जुनी लष्करी शिस्त तर त्यानंतरचे तीन दिवसही नळी पुन्हा साफ करायची. खाचांत राहिलेली घाण हळूहळू वर येते.

• भिजली असेल किंवा दमट हवेत ड्युटी झाली असेल तर परत जमा करण्याआधी. आधी कोरडी, मग तेल. ओल्या लोखंडावर तेल लावलं तर पाणी खाली अडकून बसतं.

• नुसती ठेवलेली असेल तर ठरावीक दिवसांनी बाहेरून पुसून तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि नळीत डोकावून पाहायचं. कोकणपट्टीत हे अंतर कमी ठेवावं लागतं.

• झाडण्याआधी नळीतलं आणि चेंबरमधलं तेल पुसून काढायचं.

आणि किती खोलवर?

कॉलेजात एनसीसी केलेल्या कुणालाही ‘पुलथ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द विचारा. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी. तिच्या फासात कापडाची चिंदी अडकवायची, वजन चेंबरच्या बाजूने नळीत सोडायचं आणि दोरी पुढच्या तोंडातून ओढायची. चिंदी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करायचं.

पण फक्त नळी चकचकीत करून थांबलं की घोटाळा होतो. एसएलआरमध्ये अडचण होते ती जास्त करून चेंबर, ब्रीच ब्लॉक आणि गॅसच्या भागात. पिस्टन आणि त्याची नळी साफ करून कोरडी ठेवायची असते. तिथे तेल राहिलं तर ते उष्णतेने जळून आणखी काजळी बनते. ब्रीच ब्लॉक सरकतो तिथे मात्र तेलाचा पातळ हात हवा. मॅगझिनमधली धूळही काढायची. शिपायाने एवढं उघडणं पुरेसं आहे. त्यापुढचे सुटे भाग आर्मोररने खोलायचे.

जास्त साफ केली तर?

तोही दोषच. पुलथ्रू वाकडा ओढत राहिलं तर दोरी घासून नळीच्या तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो. सॅंडपेपरसारख्या खरखरीत वस्तूने घासलं तर वरचा संरक्षक थर निघतो आणि गंजाला वाट मिळते. तेल जास्त झालं तर त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. परेडसाठीची चमक आणि चालण्यासाठीची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुर्लक्षाची किंमत

याचा सगळ्यात महाग धडा अमेरिकेने व्हिएतनाममध्ये घेतला. एम-16 ही नवी रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समज पसरला होता. अनेक सैनिकांना साफसफाईचं साहित्यच मिळालं नाही. त्यात काडतुसातली दारू बदलली आणि चेंबरला क्रोमचा थर नव्हता. ऐन लढाईत पुंगळ्या अडकू लागल्या, सैनिक मारले गेले. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने यावर कडक ताशेरे ओढले. नंतर चेंबरला क्रोम आला, साफसफाईचे संच पोचले, शिवाय देखभाल शिकवणारी चित्रकथा छापून सैनिकांना वाटली गेली.

म्हणजे दोष फक्त आळशी शिपायाचा नसतो. त्याला चिंदी, तेल, वेळ आणि शिकवणारा माणूस देणं हे वरिष्ठांचं काम आहे.

सगळ्यात पहिली पायरी

‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी तुम्हीही वाचली असेल. म्हणून कापड हातात घेण्याआधी क्रम एकच: तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, मग कॉक करून चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये असू शकते. गोळ्या साफसफाईच्या टेबलावर ठेवायच्याच नाहीत.

सर्वसामान्य माणसाकडे एसएलआर येण्याचा प्रश्न नाही. 7.62 मिमी किंवा .303 ची सरकारी काडतुसं चालवणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली 2016 च्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित गटात आहेत. पण घरात कुणी पोलिसात, एसआरपीएफमध्ये किंवा एनसीसीत असेल, किंवा परवान्याची बारा बोअर असेल, तर ही पायरी त्यांना जरूर सांगा. गंज काढता येतो, चुकून सुटलेली गोळी परत घेता येत नाही.