मूल लठ्ठ आहे, म्हणजे हावरट नव्हे

वस्तीत आरोग्य तपासणीला जातो तेव्हा आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "पोरगं हावरट आहे, आईनेच लाडावलंय." या शेऱ्याने मुलाचे वजन कमी होत नाही. मूल चोरून खायला लागते आणि आई दवाखान्यात यायची थांबते. म्हणून यामागचे शास्त्र समजून घेऊ.

भुकेचा ताबा मेंदूकडे असतो. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. 'साठा पुरेसा आहे' हा निरोप ते मेंदूला देते. अमेरिकेतील डॉ. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली त्याचे जनुक शोधले.

हा निरोपच पोहोचला नाही तर? इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉक्टरांनी १९९७ साली एकाच कुटुंबातील दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांची भूक भागतच नव्हती, कारण लेप्टिनच्या जनुकात बिघाड होता. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर वर्षभरात सुमारे १६ किलो वजन उतरले. दोष स्वभावाचा नव्हता. हा बिघाड आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच आजार होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो.

असे आजार मात्र विरळ. बहुतेक मुलांत अनेक जनुके थोडा थोडा वाटा उचलतात. कोणाला भूक जास्त लागते, कोणाचे पोट उशिरा भरते. जनुके एका पिढीत बदलत नाहीत. बदलले ते आजूबाजूचे. कोपऱ्यावर पाच रुपयांचे पाकीट मिळते, खेळायला मैदान उरलेले नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आढळले, की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी. अशी मुले पुढे झपाट्याने जाड झाली तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे मुलाच्या लठ्ठपणाचा विचार गरोदर बाईच्या ताटापासून करावा लागतो. घरात तिने सर्वांच्या शेवटी, उरलेले खायचे, ही रीत बंद झाली पाहिजे.

पालकांनी काय करावे? मुलाला उपाशी ठेवू नका. घरात सगळ्यांना एकच जेवण द्या: भाकरी, डाळ, उसळ, भाजी, अंडे. गोड पेये व पाकिटे आणू नका. रोज तासभर खेळू द्या, रात्री वेळेवर झोपवा. वजन उतरवण्याच्या पावडरी घेऊ नका.

पाच वर्षांच्या आतच वजन फार वाढले, भूक आवरतच नाही, उंची खुंटली, बोलणे-चालणे उशिरा आले किंवा मानेवर काळा जाडसर पट्टा दिसला, तर सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उंची-वजनाची नोंद सोबत न्या.