सुटलेल्या रोज्यांचा हिशेब

(रमजानच्या आधी आमच्या रेडिओवर झालेलं हे बोलणं. नंतर बऱ्याच गटांतून ते छापून मागितलं गेलं, म्हणून श्रोत्या बहिणींच्या प्रश्नांसह इथे देत आहोत.)



आजचा विषय चुलीपाशी कुजबुजत बोलला जातो. रोजा कुणी सोडायचा, कधी सोडायचा आणि सुटलेला रोजा मग कसा भरून काढायचा, ते आज आपण मोठ्याने बोलूया.

आधी माझीच गोष्ट सांगते. २०१८ साली रमजान ऐन मे महिन्यात आला होता. मला सातवा महिना होता. नर्सताईंनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पण घरात सगळ्यांचे रोजे, मग माझाच कसा नाही, असं वाटून मी रोजे धरले. दिवसा गोळी घेता येईना आणि रात्री आठवण राहीना. अकराव्या रोज्याला दुपारी नळावर पाणी भरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हंड्यासकट खाली बसले. मोठ्या जाऊबाई धावत आल्या. त्यांनी पाणी पुढे केलं तर मी तोंड फिरवलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ज्यानं रोजा सांगितला त्यानंच ही सूटही सांगितली आहे. एक मानायचं आणि दुसरं नाही, असं कसं चालेल?"

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. आपल्यातल्या कितीतरी जणींना वाटतं, सूट घेणं म्हणजे कमजोरी, जवळजवळ गुन्हाच. पण कुरआनात सूरह बकरामध्ये जिथे रमजानच्या रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिली आहे. त्यांनी तेवढेच रोजे दुसऱ्या दिवसांत धरावेत, असं तिथे सांगितलं आहे. आणि माणसाला अडचणीत टाकणं हा हेतू नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. म्हणजे सूट हा हुकमाचाच भाग आहे.

आता एकेक सूट नीट पाहू.

पहिली गोष्ट पाळीची. पाळीच्या दिवसांत रोजा धरायचाच नाही. इथे आपल्या मर्जीचा प्रश्न नाही, तो धरला तरी रोजा होत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव चालू असेपर्यंतही तसंच. त्या दिवसांतली नमाज माफ आहे, ती नंतर भरायची नाही. रोजे मात्र नंतर भरायचे. हजरत आयेशा यांनी पैगंबरांच्या काळातली हीच रीत सांगितली आहे. दिवसभर रोजा धरला आणि मगरिबच्या पाच मिनिटं आधी पाळी आली, तरी तो रोजा मोडला. वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या बदल्यात एक रोजा नंतर धरा. रात्री पाळी थांबली आणि पहाट व्हायच्या आत तुम्ही नियत केली, तर अंघोळ नंतर झाली तरी रोजा होतो.

बाळंतिणीबाबत एक गैरसमज आहे. चाळीस दिवस पूर्ण होईपर्यंत रोजा-नमाज नाहीच, असं पुष्कळजणी धरून चालतात. पण हनफी रीतीत चाळीस दिवस ही जास्तीत जास्त मुदत आहे. रक्तस्राव पंचविसाव्या दिवशीच पूर्ण थांबला, तर अंघोळ करून नमाज सुरू होते. रोजा मात्र अंगात ताकद असेल तरच धरायचा, कारण तेव्हा ती अंगावर पाजणारी आई असते आणि तिला वेगळी सूट आहे.

दुसरी सूट गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला. रोज्यामुळे स्वतःला किंवा बाळाला त्रास होईल अशी खरी भीती असेल, तर रोजा सोडता येतो. भीती खरी कशी ओळखायची? स्वतःचा आधीचा अनुभव, अंगावर दिसणारी लक्षणं आणि डॉक्टरांचा किंवा नर्सताईंचा सल्ला यांवरून. चक्कर येणं, लघवी कमी किंवा गडद होणं, पोटात कळा, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर मगरिबची वाट बघू नका. लगेच पाणी प्या, रोजा सोडा आणि दवाखाना गाठा.

तिसरी सूट आजाऱ्याला. साधी सर्दी किंवा डोकेदुखी म्हणजे आजार नव्हे. रोज्याने आजार वाढेल, बरं व्हायला उशीर लागेल किंवा जीवाला धोका होईल, असा आजार इथे धरला आहे. साखरेचा आजार असलेल्यांनी रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना भेटावं आणि रोजा झेपेल का, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, ते विचारून घ्यावं. रोज्यात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडायचा. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. तेव्हा त्या भीतीने तपासणी टाळू नका.

चौथी सूट प्रवाशाला. साधारण ऐंशी किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांबचा प्रवास असेल तर ही सूट मिळते. आपल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी नेहमी विचारतात, आम्ही सहा महिने घराबाहेर असतो, मग आम्ही प्रवासी का? वाटेत असाल तोवर प्रवासी. पण एका ठिकाणी खोप टाकून पंधरा दिवस किंवा जास्त राहायचं ठरलेलं असेल, तर हनफी रीतीने तिथे तुम्ही राहणाऱ्या धरल्या जाता. शाफई रीतीत ही मुदत चारच दिवसांची आहे. मग उन्हातान्हात मोळ्या वाहणाऱ्या बाईने करायचं काय? सहेरी करून नियत करायची आणि रोजा धरायचा. काम करताना जीव घाबरा झाला, आता पुढे धोका आहे असं वाटलं, तर सोडायचा आणि नंतर एक भरायचा. जमलं तर मुकादमाशी बोलून रमजानमध्ये पहाटेचं काम मागून घ्या.

आता भरपाईकडे येऊ. इथे तीन शब्द आहेत आणि त्यांचा फार गोंधळ होतो.

कजा म्हणजे सुटलेल्या एका रोज्याबदली एक रोजा. पाळी, बाळंतपण, गरोदरपण, बरा होणारा आजार, प्रवास, या सगळ्यांना कजा.

फिदिया म्हणजे सुटलेल्या एका रोज्याबदली एका गरिबाचं जेवण. ज्यांना आता रोजा झेपत नाही आणि पुढेही झेपेल अशी आशा नाही, त्यांच्यासाठी तो आहे. म्हणजे अगदी थकलेली आजी, किंवा बरा न होणारा आजार असलेली बाई. हनफी रीतीत एका रोज्याचा फिदिया एका माणसाच्या फित्र्याएवढा असतो, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. मशिदीतून फित्र्याची रक्कम जाहीर होते, तीच धरा. आपले आईवडील, मुलं किंवा नवरा यांना फिदिया देता येत नाही. ज्या आजीकडे द्यायलाच काही नाही, तिने अल्लाहकडे माफी मागावी. त्यासाठी उसनवारी करू नये. आणि जिची तब्येत नंतर सुधारली, तिने फिदिया दिला असला तरी रोजे भरायचे. तरुण, धडधाकट बाईला मात्र पैसे देऊन कजातून सुटता येत नाही.

कफ्फारा ही तिसरी गोष्ट. काही कारण नसताना रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडला, तर ती मोठी भरपाई लागते, सलग साठ रोज्यांची. कारण असून रोजा सोडणाऱ्या बाईचा याच्याशी काही संबंध नाही. 'गरोदरपणी रोजा सोडलास, आता साठ धर,' असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

आपल्या राज्यात देशावर, मराठवाड्यात, खानदेशात बहुतेक लोक हनफी रीत पाळतात, तर कोकणातले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. दोघींत थोडा फरक आहे. शाफई रीतीत आईने स्वतःची तब्येत ठीक असताना केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला, तर कजाबरोबर फिदियाही द्यायचा. तो एका रोज्याला एक मुद्द धान्य, म्हणजे सहाशे-साडेसातशे ग्रॅम तांदूळ. तसंच कारण नसताना पुढचा रमजान येईपर्यंत कजा भरली नाही, तर तिथे उशिराचाही फिदिया लागतो. हनफी रीतीत या दोन्ही ठिकाणी फक्त कजा. म्हणून रत्नागिरीची नणंद एक सांगते आणि बीडची भावजय दुसरं, तेव्हा दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. भांडू नका, आपल्या घरची रीत विचारून घ्या.

कजा कधी भरायची? सलग धरायची सक्ती नाही. जमेल तसा एकेक धरा. दोन्ही ईदचे दिवस आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस, या पाच दिवशी रोजा चालत नाही. कजाची नियत पहाटेच्या आत करावी लागते. हजरत आयेशा यांचे रोजे कधीकधी शाबान महिन्यात, म्हणजे पुढच्या रमजानच्या तोंडावर भरून व्हायचे. म्हणून उशीर झाला तर निराश होऊ नका, पण लवकर फेडलेलं केव्हाही बरं.

माझा सल्ला विचाराल तर हिवाळा गाठा. मे-जूनमध्ये आपल्याकडे रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो, डिसेंबरमध्ये साधारण सव्वाबारा तासांचा असतो आणि तहानही कमी लागते. माझे त्या वर्षीचे वीस आणि पुढच्या वर्षी मुलगा अंगावर पीत असताना सुटलेले बारा, असे बत्तीस रोजे मी दोन हिवाळ्यांत सोमवारी आणि गुरुवारी धरून फेडले.

आणि ज्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेबच राहिला आहे त्यांनी? आपण बचत गटात पै-पैचा हिशेब ठेवतो ना, तसाच हाही ठेवायचा. समजा बारा वर्षं दरवर्षी सहा रोजे पाळीमुळे सुटले, तर झाले बहात्तर. दोन बाळंतपणांत दोन पूर्ण रमजान गेले, त्याचे साठ. एकूण एकशे बत्तीस. नक्की आठवत नसेल तर मनाला जो आकडा पटतो तो धरा, वाटल्यास थोडा जास्तच धरा. महिन्याला चार धरले तरी पावणेतीन वर्षांत फिटतात. आकडा वहीत लिहा आणि फेडलेल्यावर काट मारत जा. आकडा समोर दिसला की भीती निम्मी होते, हे कर्ज काढणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आता आलेले काही प्रश्न.

"रमजानमध्ये पाळी लांबवायची गोळी घेऊ का?" तब्येतीला अपाय नसेल तर पुष्कळ आलिम तिला मनाई करत नाहीत. पण डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणून घेऊ नका. आणि तिची गरजही नाही. त्या दिवसांत रोजा न धरणं हेच हुकमाप्रमाणे वागणं आहे.

"चुकून पाणी प्यायले, मग आठवलं." विसरून खाल्लं-प्यायलं तर रोजा तुटत नाही. आठवताक्षणी थांबा आणि रोजा पुढे चालू ठेवा.

"पाळीचे दिवस संपले तरी अंगावरून जातच आहे." हनफी रीतीत दहा आणि शाफई रीतीत पंधरा दिवसांपुढे गेलेलं रक्त पाळीचं धरत नाहीत. तेव्हा रोजा-नमाज सुरू होते. पण त्याआधी दवाखान्यात जा, कारण इतके दिवस जाणं हा आजार असू शकतो.

"माझी आई रोजे भरायच्या आधीच वारली." आजारातून ती उठलीच नसेल, भरायला तिला दिवसच मिळाले नसतील, तर तिच्यावर काही बाकी नाही. दिवस मिळाले होते पण राहून गेलं असेल, तर तिच्या वतीने फिदिया देता येतो.

शेवटी दोन विनंत्या. गटातल्या इतर मैत्रिणींना एक: रमजानमध्ये बैठकीत कुणी पाणी प्यायली तर 'आज उपास नाही का गं?' असं चारचौघांत विचारू नका. तिला उत्तर द्यायला लाज वाटते.

दुसरी, आयांना आणि सासवांना. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला हे सगळं सांगा. चुलीमागे लपून घोटभर पाणी पिण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. त्या दिवसांत तिला ताट वाढून द्या, आणि एक छोटी वहीही द्या. पहिल्या वर्षापासून लिहीत गेली, तर पन्नाशीला पोचल्यावर तिला माझ्यासारखं बोटं मोजत बसावं लागणार नाही.

खुदा हाफिज, आणि नमस्कार.