मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी

तोबिताच्या ग्रंथात अंध झालेल्या वृद्ध पित्यास दृष्टी परत मिळते, ती पुत्राच्या हातून. आज मोतीबिंदू काढतो शस्त्रवैद्य. परंतु त्यापूर्वीची तयारी परिचारिकेच्या आणि घरच्या मंडळींच्या हाती असते.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचे दिवस आता गेले. दृष्टी मंदावून नित्याचे व्यवहार अडू लागले की वैद्याकडे जावे. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

रुग्णालयात परिचारिका प्रथम प्रश्न विचारते. मधुमेह, रक्तदाब, दमा आहे काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन नावाचे औषध देतात. त्याने डोळ्यातील रंगीत पडदा सैल पडतो. म्हणून ते पूर्वी कधी घेतले असले तरी सांगावे. सर्व औषधे पिशवीत घालून न्यावीत. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्या दिवशी खावे की नाही, हेही विचारून घ्यावे. मधुमेही माणसाने तर आपणहून उपाशी राहूच नये.

बहुधा केवळ डोळा बधिर करतात. रुग्ण जागा असतो. तोंडावर कापड घालून त्याला उताणे, निश्चल पडावे लागते. अशा वेळी अचानक आलेला खोकला डोळ्यास इजा करू शकतो. मुलांना पुन्हा खेप नको, या भिडेने कित्येक वृद्ध खोकला, धाप वा बहिरेपणा लपवितात. तसे होऊ देऊ नये. घरी एक जपमाळ संपेपर्यंत त्यांना उताणे निजवून पाहावे. खोकला अथवा धाप लागली, तर परिचारिकेस सांगावे. शस्त्रक्रिया थोडी पुढे गेलेली बरी.

डोळा लाल असेल, चिपडे येत असतील किंवा दाताला पू झाला असेल, तर तेही सांगावे. आदल्या दिवशी डोक्यावरून स्नान घालावे. काजळ, तेल, पावडर लावू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी परिचारिका नाव पुन्हा विचारते, कोणता डोळा ते पडताळून खूण करते आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालते. पुढे पोव्हिडोन आयोडीनने डोळा स्वच्छ करतात. प्रखर उजेड दिसेल, पाण्याचा स्पर्श जाणवेल; काही हवे असल्यास हात न उचलता तोंडाने सांगावे, हे ती आजीआजोबांना आधीच समजावते. माहीत असलेल्या गोष्टीचे भय उरत नाही.

संत लुसीचा धावा अवश्य करावा. परंतु सिस्टरच्या प्रश्नास खरे उत्तर देणे, हेही त्या प्रार्थनेचेच अंग आहे.