टँकरमधलं पाणी आणि रॉकेटमधलं इंधन

मलकापूरला महामार्गावर माझ्यापुढच्या टँकरने ब्रेक मारला आणि झाकणातून पाणी पुढच्या बाजूला उसळलं. साधं गणित आहे: वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रतिसेकंदाने कमी झाला, तर पाण्याचा पृष्ठभाग सुमारे 11 अंश कलतो.

अंतराळात इंजिन बंद केलं की 'खाली' असं काही उरतच नाही. पृष्ठताणामुळे इंधन टाकीच्या भिंतींना चिकटतं, वायू मध्ये तरंगतो. अशात इंजिन पेटवलं तर ते वायूच ओढणार! म्हणून सॅटर्न-5 च्या तिसऱ्या टप्प्यात आधी छोटी इंजिनं चालवून इंधन तळाशी बसवत.

बरं, इंजिन चालू असलं म्हणजे सुटलो असंही नाही. मार्च 2007 मध्ये फाल्कन-1 च्या दुसऱ्या टप्प्यातला द्रव ऑक्सिजन इतका हिंदकळला की रॉकेटचा ताबाच सुटला. पुढे त्या टाकीत अडसरपट्ट्या बसवल्या. टँकरच्या पोटातही तसेच आडवे पत्रे असतात.