मुंबईच्या आधीची राजधानी : वसई

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगिजांशी तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख त्यांच्या हवाली केला. त्या मुलखात मुंबईची बेटंही होती. पुढची सव्वाशे वर्षं मुंबईचा कारभार वसईच्या तोंडाकडे पाहून चालला. वसई पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती, तर मुंबई भाडेपट्ट्याने द्यायचं एक बेट. विख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता याने हे बेट पट्ट्याने घेतलं होतं. आज विरार लोकलच्या गर्दीत वसईची ओळख मुंबईचं एक उपनगर एवढीच उरली आहे.

या किनाऱ्यावरचा व्यापार पोर्तुगिजांहून कितीतरी जुना. शेजारचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचं उत्खनन केलं, तेव्हा आतून बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या गर्भात दगडी करंडक होता, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या आणि बुद्धांच्या छोट्या धातुमूर्ती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेखही मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात आहे. सत्ता गेली, व्यापार गेला, त्यांच्या मागोमाग पुरावेही मुंबईला गेले.

जे हलवता आलं नाही, ते मात्र वसईच्या किल्ल्यात उभं आहे. याला किल्ला म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे. हे तटबंदीच्या आतलं अख्खं शहर आहे. खाडीच्या अंगाला दर्या दरवाजा, गावाच्या अंगाला जमीन दरवाजा, आणि मधे वाडे, मठ, चर्च, रुग्णालय. सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भिंतीवरच्या शिलालेखात १६०१ साल वाचता येतं. आत जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरं आहेत, ती तुडवत जाऊ नयेत. जेझुइटांच्या चर्चपाशी दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे खांब जवळून पाहावेत. खांबांवर उभ्या खोबणी आहेत आणि माथ्यावर कोरलेली पानं. वसईचा काळा दगड इतका नावाजलेला होता की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसच्या दर्शनी बाजूच्या कोरीवकामासाठी तो जहाजांतून नेला गेला. वसईतच १५५७ च्या सुमारास जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

मग हे शहर मागे का पडलं? १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. मुंबईचं बंदर खोल आणि वाऱ्यावादळापासून सुरक्षित. पुढे इंग्रजांनी तिथे जहाजबांधणी आणली. त्यासाठी १७३६ मध्ये सुरतेहून जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरूज फुटला, दोन्ही बाजूंची असंख्य माणसं पडली. तरीही शरण आलेल्यांना कुटुंबकबिल्यासह, चीजवस्तूंसह जाऊ देण्यात आलं. जिंकून आणलेल्या चर्चच्या घंटांपैकी एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. मराठ्यांचा हा मोठा विजय होता. पण राजधानी म्हणून वसईचं आयुष्य तिथेच संपलं आणि समुद्री व्यापाराची सूत्रं मुंबईकडे गेली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तो तहही वसईचाच. ज्या गावात पेशवाईचा मान वाढला, त्याच गावात तिचं स्वातंत्र्य गहाण पडलं.

शहर ओसाड पडलं, पण वसईची माणसं कुठे गेली नाहीत. तटातून जाणारा रस्ता किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात उतरतो. तिथे आजही मासळी सुकते, जाळी दुरुस्त होतात. आजूबाजूच्या वाड्यांत कादोडी आणि वाडवळी बोलल्या जातात. केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी इथली खासियत. सामवेदी ख्रिस्ती समाजात वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. चिमाजी अप्पांचा पराक्रम आणि इथल्या ख्रिस्ती मराठी माणसाचा वारसा हे दोन्ही आपलेच; एकाचा अभिमान बाळगायला दुसरा विसरावा लागत नाही.

वसईला जाणारे बहुतेक जण तटावर फोटो काढून तासाभरात परततात. तसं करू नका. दर्या दरवाजापासून जमीन दरवाजापर्यंत सावकाश चाला, एखादा शिलालेख नीट पाहा, परतताना सोपाऱ्याचा स्तूप गाठा. शाळांच्या सहलीही इथे याव्यात. मुंबईचा इतिहास मुलांना मुंबईपासून शिकवला जातो. तो वसईपासून शिकवायला हवा.